सुधाताईंना न जमलेला हात

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. बायकोला ठाऊक आहे — पण मी सांगितली म्हणून नव्हे, तिनं डोळ्यांनी पाहिलं म्हणून. तुम्हाला सांगतोय ते मन हलकं व्हावं यासाठीही नाही. होत नाही ते हलकं. सुधाताईंची आठवण कुणी काढली की त्यात माझाही एक भाग येतो, आणि तो भाग खोटा आहे. तो खोटा मी केला.

आधी त्या कोण, ते सांगायला हवं. एकाहत्तरच्या लढाईत तोफगोळ्याचे तुकडे माझ्या उजव्या मनगटात आणि पंजात घुसले. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात ऑपरेशनं झाली, जखमा भरल्या, पण मूठ मिटेना. रजेवर कडेगावला घरी आलो तेव्हा थोरल्या भावानं मला सांगलीच्या एका इस्पितळात नेलं. तिथं सुधाताई नुकत्याच आल्या होत्या. मुंबईला शिकलेल्या. त्या औषध देत नव्हत्या, सुई टोचत नव्हत्या. माणसाचं रोजचं काम त्याच्याकडूनच थोडं थोडं करून घ्यायच्या आणि त्यातून हातपाय चालते करायच्या. ऑक्युपेशनल थेरपी हा शब्द आमच्या भागात तेव्हा कुणी ऐकला होता? इस्पितळातले डॉक्टरसुद्धा त्याला ‘बाईंचा खेळ’ म्हणायचे.

जुन्या कोठीच्या खोलीत त्यांचा खेळ चालायचा. मळलेली माती, सुतळी, लाकडी खुंट्या, एक लहानसा हातमाग. गुऱ्हाळाच्या चरकात बोटं गेलेली माणसं यायची, स्टोव्हनं भाजलेल्या बायका यायच्या. मला पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, घरी काय काम करता? म्हशीची धार काढतो, म्हणालो. दुसऱ्या दिवशी सलाइनच्या खांबाला पाण्यानं भरलेला रबरी हातमोजा टांगलेला, बोटांना सुईनं भोकं पाडलेली. “काढा धार,” ताई म्हणाल्या.

मी हसलो. मग रडकुंडीला आलो — बोटं वळतच नव्हती. त्या शेजारी स्टुलावर बसून राहिल्या. घाई नाही, कीवही नाही. पाणी संपलं की मोजा पुन्हा भरायच्या.

उन्हाळा सरता सरता मूठ मिटायला लागली. एके दिवशी मी भरलेला तांब्या उचलून पेल्यात पाणी ओतलं, खाली थेंब न सांडता. ताई बाहेर गेल्या, स्वतः चहा घेऊन आल्या आणि कप माझ्या उजव्याच हातात दिला.

आता पुढचं. इथंच माझी जीभ अडते.

ती खोली चालू ठेवायची की बंद करायची, हे इस्पितळाचे विश्वस्त ठरवणार होते. मोठ्या डॉक्टरांना ती नको होती. एखादा पेशंट तरी दाखवा बरा झालेला, असं ते ताईंना म्हणाले. ताईंनी मला निवडलं. “भाऊ, तुम्ही फक्त नेहमीसारखं पाणी ओता. बाकी मी बोलते.” — आणि माझ्या हाताबद्दलचं मत पुण्याच्या लष्करी बोर्डाला लिहून पाठवायचं होतं, तेही याच मोठ्या डॉक्टरांनी. हात बरा, म्हणजे पलटणीत परत.

मला परत जायचं नव्हतं. मी भ्यालो होतो. तिकडं काय पाहिलं होतं ते सांगत नाही — सांगितलं तर तुम्ही मला समजून घ्याल. ते कशाला?

टेबलाभोवती विश्वस्त बसलेले. पितळी तांब्या, शेजारी पेला. ताईंनी खोलीतल्या कामाबद्दल थोडक्यात सांगितलं. मी तांब्या धरला. पक्का धरला, पकड बसलेली मला कळत होती. वर उचलला — आणि बोटं सैल सोडली. पाणी टेबलभर झालं, एकाच्या धोतरावर गेलं.

“घाबरलेत ते,” ताई म्हणाल्या. “पुन्हा एकदा बघू.”

पुन्हा उचलला. पुन्हा सोडला. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

मोठे डॉक्टर म्हणाले, “बाई, पुरे झालं.” ताईंनी मान हलवली आणि माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता यांच्या ध्यानात आलं. तर त्या हळूच विचारतात, “दुखलं का फार?”

खोलीला कुलूप लागलं. मी फौजेतून सुटलो. गावानं जखमी जवान म्हणून मला फेटा बांधला. मी बांधून घेतला.

इथं संपलं असतं तरी पुरेसं वाईट होतं. पण एका दुपारी मी परड्यात लाकडं फोडत होतो आणि बायको धावत आली. “आवं, सांगलीच्या बाई आल्यात!” मी कुऱ्हाड टाकली, उपरणं हातावर गुंडाळलं आणि ओसरीवर जाऊन बसलो. ताई एसटीनं आल्या होत्या, स्टँडपासून उन्हातून चालत. पिशवीतून त्यांनी चामड्याचा एक पट्टा काढला. चपला शिवणाऱ्याशेजारी बसून मापानं करून घेतलेला. हाताला पकड नसली तरी त्यात विळा अडकवता येईल असा. त्यांनी तो माझ्या हातावर स्वतः बांधला.

“माझंच चुकलं, भाऊ. मी घाई केली.”

मी चहा घ्या म्हणालो. ताईंनी चहा घेतला, बायकोची विचारपूस केली आणि गेल्या.

बायको दाराला टेकून उभी होती. “एवढ्या उन्हाच्या आल्या त्या. बोलला का न्हाई तुमी?” मी हातावरचा पट्टा सोडायला लागलो. “लय वंगाळ केलंत,” एवढं म्हणून तिनं कपबश्या उचलल्या. पुन्हा तो विषय तिनं कधी काढला नाही.

काही वर्षांनी आईला अर्धांगवायू झाला. तिला साताऱ्याला नेलं. तिथं एक तरुण मुलगी आईच्या हातात मातीचा गोळा देऊन बोटं वळवायला शिकवत होती. ती पद्धत मी ओळखली. कुठं शिकलात, विचारलं. सुधाताईंकडं, ती म्हणाली. सांगलीहून ताई पाचगणीला गेल्या होत्या. एका शाळेनं व्हरांडा दिला, तिथं पोलिओ झालेली पोरं आणि हाताखाली शिकायला चार मुली, एवढ्यावर त्यांनी पुन्हा सुरुवात केली. आदल्या वर्षी त्या वारल्या होत्या.

“पहिल्याच दिवशी ताई आम्हाला एका फौजीचं सांगायच्या,” मुलगी आईची बोटं चोळत म्हणाली. “त्याचा हात त्यांना जमला नाही. म्हणायच्या, मी त्याला चार लोकांपुढं उभं केलं, माझ्या हट्टापायी त्याचा हात गेला. पेशंटचं प्रदर्शन मांडू नका, हे आम्ही त्यातून शिकलो.” मग तिची नजर माझ्या अंगातल्या हिरव्या लष्करी स्वेटरवर गेली. “तुम्ही पण फौजेत होता का?”

“न्हाई,” मी म्हणालो. “भावाचा हाय.”

बायको आईच्या पायथ्याशी बसली होती. तिनं मान वर केली नाही.