कारभारी गादीवर बसला तेव्हा

माझी बायको मला कारभारी म्हणायची. आमच्या गावाकडं सगळ्याच बायका नवऱ्याला म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण शारजात त्याच शब्दानं तिची झोप उडवली.

मी तिथं फर्निचरच्या कारखान्यात फोरमन होतो. शाळा चौथीपर्यंत. बायको मॅट्रिक झालेली. पोरगी इंग्रजी शाळेत, तिच्या परीक्षेला फ्रान्सचे जुने राजे होते. बायको मेथी निवडता निवडता तिचं पुस्तक वाचायची आणि मला मराठीत सांगायची. पोरगी मधेच इंग्रजीत आईचे उच्चार सुधारायची.

ते राजे म्हणे नावालाच. केस लांब वाढवायचे, बैलगाडीत बसून लोकांना तोंड दाखवायचं, संपलं. सगळा कारभार वाड्यावरच्या कारभाऱ्याकडं. आधी बाप, मग पोरगा, मग नातू. शेवटी एकानं पोपला विचारायला माणसं धाडली, राजा कुणी व्हावं? नाव ज्याचं त्यानं, की काम ज्याचं त्यानं? पोप म्हणाला, काम ज्याचं त्यानं. झालं. राजाचे केस कापले, त्याला मठात टाकला आणि कारभाऱ्याचं घराणं गादीवर बसलं.

"म्हणजे पेशवेच की," मी म्हणालो.

"पेशव्यांनी कुठं छत्रपतींचे केस कापले?" ती हसली. मग तिचे मेथीवरचे हात थांबले. "तुमच्या शेठचं काय ओ, कारभारी?"

शेठ म्हणजे कारखान्याचे मालक, त्यांना साखरेचा त्रास. पाय सुजले की आठवडा आठवडा यायचे नाहीत. किल्ल्या मॅनेजरकडं, आमचे पासपोर्ट मॅनेजरकडं. माझ्या पगाराच्या कागदावर सही त्याची, आणि त्या कागदावर बायको-पोरीचा व्हिसा. कामगार त्याला साब म्हणायचे. एका सकाळी कुणीतरी सेठ म्हणालं आणि त्यानं ते तसंच राहू दिलं. घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, आता हा विचारायला जाणार बघा.

तसंच झालं. लायसन ज्याच्या नावावर होतं त्या अरबाला, आमच्या कफीलला, त्यानं कारखान्यात बोलावलं. खजूर, कावा म्हणजे अरबी कॉफी, सगळी सरबराई. शेठ तेव्हा दवाखान्यात. कफीलनं आम्हाला ओळीत उभं करून हिंदीत एकच विचारलं, इधर हुकूम किसका चलता है? सगळ्यांनी मॅनेजरकडं बोट केलं.

मी म्हणालो, "सेठ का."

मॅनेजरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अच्छा बोला. यल्ला, काम पे."

चिडला असता तर बरं झालं असतं.

बायकोनं मला बोल लावला नाही. "माळ्यावरच्या बॅगा काढा," एवढंच म्हणाली.

शेठ इलाजाला मुंबईला गेले ते परत आले नाहीत. माझी नोकरी राहिली, कागदावरची सही तेवढी राहून गेली. मॅनेजर म्हणायचा, आज करतो, उद्या करतो, इन्शाल्ला. व्हिसाची मुदत संपली तशा मायलेकी गावी गेल्या. पोरीची शाळा चालली पाहिजे म्हणून मी मागं राहिलो, सोनापूरच्या कामगार कॅम्पात.

पुढच्या उन्हाळ्यात बायकोचं पोट दुखायला लागलं. गावच्या डॉक्टरनं पित्त म्हणून गोळ्या दिल्या. ते पित्त नव्हतं. ती गेली, तो फोन ऑफिसात आला. मला आत मॅनेजरनंच बोलावलं. कपाट उघडून माझा पासपोर्ट काढला, संध्याकाळच्या विमानाचं तिकीट करायला सांगितलं.

मी म्हणालो, "शुक्रिया, सेठ."