दोन्या ओफेलियाचं डावं-उजवं

सांगते, पण चहाचे कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकीच्या साडीवर सांडला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अमेरिकेत, क्युपर्टिनोत नवे नवे. वसंता, म्हणजे आमचे हे, कॉम्प्युटरच्या कंपनीत. मी सॅन होजेच्या एका धर्मादाय क्लिनिकमध्ये डाएटिशियन. पेशंट बहुतेक मेक्सिकन आणि घरोघर डायबेटीस. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांना आपलंसं वाटेल असं शिकवायचं साहित्य तू निवड."

मी हरखलेच! ढीगभर पुस्तिका मागवल्या. एकीत नुसतं कॉटेज चीज आणि सेलरी. दुसरी स्पॅनिशमध्ये, पण चित्रात टाय लावून उकडलेली ब्रोकोली खाणारा बाप. असा बाप आमच्या पेशंटांपैकी कुणाच्या घरी असेल?

"या अमेरिकनांना ना, सगळं जग आपल्यासारखंच जेवतं असं वाटतं!" हे मी वसंताला रोज ऐकवायची. बिचारा रोज मान डोलवायचा.

शेवटी मी निवडला फ्लॅनेलचा फळा. त्यावर एक मोठं ताट आणि चिकटवायला कापडी पदार्थ: टॉर्टिया, राजमा, भात, साल्सा, निवडुंगाची भाजी. टॉर्टिया म्हणजे पोळीच की हो! साल्सा म्हणजे चटणी! मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.

वर्गात सगळ्यात पुढे बसायची दोन्या ओफेलिया. दोन्या म्हणजे आपण नावापुढे मानाने 'बाई' लावतो ना, तसं. पण काय बाई होती! नुसती दारात उभी राहिली तरी वर्ग गप्प. तिच्या बहिणीची दृष्टी साखरेपायी गेली होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "मुली, मला माझ्या नातवंडांची लग्नं डोळ्यांनी बघायचीत. काय करायचं ते सांग, मी करते."

असा पेशंट मिळायला भाग्य लागतं. मी जीव तोडून शिकवलं. कुणी साल्सा उजवीकडे चिकटवला की मी ओरडायची, "नाही, नाही! डावीकडे!" लिंबू? डावीकडे. मीठ? वर, चिमूटभर. भाजी उजवीकडे, भात मधोमध. भात किती, टॉर्टिया किती, हेही सांगितलं होतं हो! पण ते माझ्या तुटक्या स्पॅनिशमध्ये, हळू आवाजात. डावं-उजवं मात्र ठणकावून.

आठवडे गेले. ओफेलियाची साखर जागची हलेना.

"दोन्या, खरं सांगा. पथ्य पाळता ना?"

"देवाशपथ! तू सांगितलंस अगदी तस्सं करते."

"अगदी?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीत मागे सरकले. "रविवारी जेवायला ये. नवऱ्यालाही आण. बघ स्वतःच्या डोळ्यांनी."

गेलो. टेबलाभोवती मुलं, सुना, नातवंडं. सगळ्यांची ताटं वाढून तयार. वसंताने त्या टेबलावर नजर फिरवली आणि त्याचा चेहरा फुलला.

"अगं, हे बघ! चटणी डावीकडे, लिंबू डावीकडे, वर मीठ, मधोमध भाताची मूद! वरण-तूप तेवढं राहिलं. इथे कोण पुण्याचं राहतं गं?"

अहो, त्या कापडी ताटात मी आमच्या घरचं केळीचं पान वाढून ठेवलं होतं! आणि त्या भल्या माणसांना वाटलं, डावीकडचा साल्सा म्हणजे औषध. जागा चुकली नाही की साखर उतरते. मग भात हवा तेवढा!

मी रडकुंडीला येऊन सगळं कबूल केलं. "दोन्या, डावं-उजवं काही नसतं. ती आमच्याकडची वाढायची पद्धत आहे."

"मग साखर कशाने उतरते?"

"भात आणि टॉर्टिया कमी खाऊन."

मला वाटलं, आता ही मला हाकलणार. तर ती एवढी हसली, एवढी हसली की डोळे पुसायला टॉवेल आणावा लागला. "आणि मी नवऱ्याशी भांडत होते, लिंबू उजवीकडे ठेवलं म्हणून!" मनाचा केवढा मोठेपणा! मी तिच्या जागी असते तर फळा डोक्यात घातला असता.

वर आग्रह करकरून जेवायला घातलं. आपल्याला आग्रह मोडता येतो का? आणि पानात टाकायची तर सोयच नाही, आईने लावलेली शिस्त. तिने वाढत जावं, मी संपवत जावं. ताट रिकामं दिसलं की ती पुन्हा वाढायची.

त्यानंतर मात्र ओफेलियाची साखर खरंच उतरायला लागली. डॉक्टरीणबाई खूश! त्यांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "दोन्या, आमच्या साहित्यातलं नेमकं काय उपयोगी पडलं? फळा? पुस्तिका?"

ओफेलियाने सरळ माझ्याकडे बोट केलं. "ही."

मी लाजले. पदर सावरला. म्हटलं, चला, कष्टांचं चीज झालं.

"हिला माझ्या घरी जेवताना बघितलं," ती म्हणाली, "आणि त्याच दिवशी ठरवलं, ओफेलिया, हिच्या भरवशावर राहू नकोस. आता तुझं तूच बघ!"