खिडकीबाहेरचा कूलर आणि विमा

रांझीतल्या आमच्या घराच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर दर उन्हाळ्यात कूलर बसतो. यंदा त्याच्या बरोबर खाली शेजारच्या भैयांनी नवी कार उभी करायला सुरुवात केली आणि माझी झोप उडाली. पाण्याने भरलेला कूलर कारवर, नाही तर एखाद्या माणसावर पडला तर?

घराच्या विम्यात थोडी भर घातली, की आपल्या वस्तूने दुसऱ्याचं झालेलं नुकसानही कंपनी भरते, असं एजंट म्हणाला. खर्च वर्षाला कूलरच्या नव्या खसइतका, म्हणजे वाळ्याच्या जाळ्यांइतका. तरी माझा विचार संपेना.

बायको म्हणाली, "काहून इतका विचार करून राहिले? खस तर दरवर्षी न विचारता आणता."

"खसची हवा तरी लागते," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी आंधी आली आणि खाली धाडकन आवाज झाला. 'भैया, गलती हो गई' हे वाक्य घोकत मी जिना उतरलो. दारात शेजारचे भैयाच हात जोडून उभे! "भैया, गलती हो गई." त्यांच्या टाकीचं झाकण उडून माझ्या जुन्या स्कूटरवर पडलं होतं. कूलर जागच्या जागी होता, कारही ठणठणीत.

मला इतकं हायसं वाटलं, की स्कूटरचा फुटलेला आरसा बघून मी चक्क हसलो. त्यांना वर नेलं आणि त्यांच्यासमोरच एजंटला फोन लावला. "चलो, बीमा कर ही डालिए."

"ज़रा हमारा भी पूछ लीजिए," शेजारी हळूच म्हणाले.

चहा ओतता ओतता बायको म्हणाली, "लागली न आता हवा?"