झुंबरबाईची आरोळी

शेवगावकडच्या एका वस्तीवरची झुंबरबाई ज्वारीच्या राखणीला माळ्यावर चढली, की तिची आरोळी पार ओढ्यापलीकडं ऐकू जायची. हातात गोफण अन् तोंडात पाखरांना शिव्या. "मुडद्यांनो, तुमच्या बापाचं शेत हाय व्हय!"

लग्नाला नऊ वर्षं झाली, पदरी लेकरू नव्हतं. सासू भागूबाई उठता-बसता लेकाला म्हणायची, "आसाराम, दुसरी कर." तो म्हणायचा, "देवी देईल तवा देईल. मला हीच बास हाय." चुलीपुढं बसलेली झुंबरबाई मोहट्याच्या देवीला मनातल्या मनात हात जोडायची.

आणीबाणी लागली अन् दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात नसबंदीची जीप गावोगाव फिरू लागली. आकडा भरायचा म्हणून जीपवाल्यांनी शेजारच्या गावातला एक बिनलग्नाचा गडीसुद्धा उचलला. विचारायची सोय नव्हती. बोलला तो आत. गडीमाणसं दिवसा ज्वारीत दडून राहू लागली. झुंबरबाई अन् आसारामचं ठरलं, की आरोळी चालू आहे तोवर भ्यायचं नाही. थांबली, की जीप आली समजून भुईला चिकटून पडायचं.

एका दुपारी बांधाला जीप लागली. झुंबरबाई गप्प झाली.

"खाली उतर. नवरा कुठाय?" साहेबानं दरडावलं.

"पाव्हण्याकडं गेल्यात."

शिपायानं तिच्या हातातली गोफण हिसकावली. तिनं चकार शब्द काढला नाही. तेवढ्यात ज्वारीची ताटं सळसळली अन् आसाराम धावत बाहेर आला, तो थेट त्यांच्या हातातच.

दुसऱ्या दिवशी एका बैलगाडीनं त्याला घरी आणून सोडलं. भागूबाई दारातच मटकन बसली. झुंबरबाईनं त्याला घोंगडीवर निजवलं अन् मग रडत रडत भांडली.

"अवो, ठरलं हुतं ना आपलं? का आलात भाईर?"

"ठाव हुतं गं. पर तू गप झालीस अन् माझ्यानं पडून ऱ्हावलं न्हाई. वाटलं, तुला मारत्यात."

ती त्याच्या पायाशी बसून राहिली. बोललेला नवस, मनात कधीचा टांगलेला पाळणा, सगळं डोळ्यापुढून गेलं. मग पदरानं तोंड पुसून हळूच म्हणाली, "एक बरं झालं. आता आत्याबाई सवत आणायचं नाव काढायच्या न्हाईत. सरकारनंच अडवली तिला."

आसाराम हसला अन् कळवळला. "हसवू नगं, टाके वढत्यात."

तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सासूच्या देखत तिनं असं आजवर कधी केलं नव्हतं.