गोटीरामचा दहावा रस्ता

मैद्याची खळ गॅसवर आहे. अर्धीच शिजलीय, अजून पाणीदार आहे. गॅस बारीक केला आणि वही घेऊन ओट्यापाशीच बसले. खळ कशासाठी, ते पुढे येईलच. आज गोटीरामचं सगळं सलग लिहून ठेवायचं आहे, कारण ही वही साडेनऊ महिने माझ्या घरात नव्हती.

मी लग्न होऊन पंचवटीत आले तेव्हा गोटीराम आमच्या पुढच्या खोलीत सायकलीचं दुकान चालवत होता. हरसूलच्याही पलीकडच्या पाड्यावरचा माणूस. १९८० च्या सिंहस्थात घाटाच्या कामाला मजूर म्हणून आला आणि पंक्चर काढायला शिकून इथेच राहिला. काळा, शिडशिडीत, बोलायला कमी. शनिवारी दुपारी दुकान बंद करून सायकलवर पाड्यावर जायचा, सोमवारी सकाळी परत. येताना कॅरिअरला नागलीच्या पिठाची पिशवी, त्यातलं वाटीभर आमच्या देवासाठी काढून ठेवलेलं.

एकाच वाटेने जायचा त्याला कंटाळा. कधी गिरणारे, वाघेऱ्याचा घाट. कधी त्र्यंबकवरून आंबोलीचा घाट उतरून. सणाला सुट्टी मिळाली की उलट्याच दिशेला: गोदेच्या कडेकडेने सायखेडा, नांदूर, नाहीतर देवळाली कॅम्प, भगूर, दारणा ओलांडून आडरस्त्याने सिन्नरच्या गोंदेश्वराला. ९५ साली कॅम्पातले दोन जवान सायकली दुरुस्त करायला आले. म्हणाले, फिरायला कुठे जावं? गोटीराम त्यांना सिन्नरला घेऊन गेला. त्यांनी आणखी कुणाला सांगितलं. मग कॉलेजचे मास्तर यायला लागले, बँकेतले यायला लागले. मोपेडी वाढल्या, दुकान ओस पडलं, पण ज्या रविवारी तो पाड्यावर नसे, त्या पहाटे आमच्या दारात सात-आठ सायकली उभ्या असायच्या.

त्याला लिहिता जेमतेम येतं. म्हणून दिवेलागणीनंतर तो पायरीवर बसून सांगायचा आणि मी माझ्या रोजच्या वहीत लिहायचे. एका बाजूला माझे उपास, सासूबाईंचं आजारपण, पोथीचा कितवा अध्याय झाला ते. दुसऱ्या बाजूला गोटीरामचे रस्ते. कोणत्या विहिरीचं पाणी गोड, कोणत्या वळणावर खडी, कुठे कुत्री. किलोमीटर त्याला ठाऊक नाहीत. चढ तो तांब्यांवर मोजतो. वर पोचेपर्यंत माणसाला किती तांबे पाणी लागेल, तेवढ्या तांब्यांचा चढ.

"वाघेरा किती तांब्यांचा?"

"तीन. तुमी असाल तर पाच, वयनी."

असे नऊ रस्ते झाले. शेवटचा गावातला. रामकुंडावरून निघून सराफ बाजार, जुन्या नाशकातल्या गल्ल्या आणि थेट पांडवलेणी. तो त्याला मुळीच आवडायचा नाही. "तांब्याच नाय लागत, मंग ह्याला रस्ता कशाला म्हनायचं?"

धनराजचं कॉलेज रोडला खेळाच्या सामानाचं दुकान. गेल्या चैत्रात तो आला, माझ्या पाया पडला, देवाला हात जोडले, कैरीची डाळ खाल्ली. म्हणाला, "वहिनी, गोटीरामभाऊंचे रस्ते लोकांपर्यंत पोचले पाहिजेत. झेरॉक्स काढून संध्याकाळी वही परत आणून देतो." देवापुढे हात जोडणाऱ्या माणसाच्या हातात मी वही दिली. चूक माझी.

सिंहस्थाच्या गर्दीत, श्रावणात, पुस्तिका निघाली. गुळगुळीत कागद, वर हेल्मेट घातलेल्या धनराजचा फोटो. 'डोंगर, नदी आणि नाशिक: धनराज यांनी स्वतः फिरून शोधलेले नऊ सायकलमार्ग.' गोटीरामचं नाव कुठे म्हणून कुठे नाही. आत मात्र सगळं तेच. गोड विहीर तीच, कुत्री तीच. सहाव्या पानावर 'तीन तांब्यांचा चढ'सुद्धा जसाच्या तसा. उतरवताना त्या शहाण्याला तांबा म्हणजे काय हे विचारावंसं वाटलं नाही.

मी दुकानात जाऊन वही मागितली. "हरवली हो वहिनी," तो म्हणाला, "नवी घ्या ना, हवी तर दोन देतो." सासूबाई गेल्या तो दिवस त्या वहीत होता. शेवटचं पाणी मी पाजलं ती वेळ होती.

त्या दिवसापासून मी सोमवार धरले. निरांजन ओवाळताना देवाला एकच सांगायचे: याची मान खाली घाल, आणि मला दाखव. देवापाशी असं मागू नये म्हणतात. मी मागितलं.

पुस्तिका गोटीरामला वाचून दाखवली, तर पाण्याच्या परातीत ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसला. मला वाटलं, या माणसाला रागच येत नाही.

मार्गशीर्षात धनराज पुन्हा आला. निलाजरा. प्रजासत्ताकदिनाला पुण्या-मुंबईचे बावीस पाहुणे आणायचे होते, त्यांना नवा रस्ता हवा होता. "गोटीराम, एखादा ठेवणीतला काढ की. तुझ्याकडे काय कमी आहेत?"

"हाय ना," गोटीराम म्हणाला.

मी आतून ओरडले, "सांगू नका!"

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "हरसूलच्या पुढं डाव्या हाताला फुटायचं. नदीनदीनं खाली. नदीवर फरशीपूल लागंल, तो वलांडायचा. पुढं निस्ता सपाट, थेट त्र्यंबकला. तांब्या कसला, पेलाबी लागायचा नाय."

धनराजने लिहून घेतलं आणि गेला. मी दोन दिवस गोटीरामशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तोच पायरीवर येऊन म्हणाला, "वयनी, त्या रस्त्याला फरशी नाय. वाळू हाय, गाडी नाय जात. पुढं चार तांब्यांचा चढ. आन् रस्ता त्र्यंबकला जात नाय, आमच्या पाड्यावर संपतो. नवसाच्या अंगनात."

नवसाबाई त्याची थोरली बहीण.

"आणि त्याने आधी जाऊन पाहिलं तर?"

"धनराज? तो जिपाड्यातून उतरंल तवा ना."

असा राग. चार महिने परातीत बुडवून ठेवलेला.

प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या दिवशी मी एस.टी.ने पाड्यावर गेले. सोमवार होता तरी उपास तिथेच करीन म्हटलं. हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी नवसाबाईने पहाटेपासून भाकऱ्या थापल्या, तीन हंडे भरले, वर कडुनिंबाचा डहाळा झाकला. "पाव्हन्यांचा काय गुन्हा?" म्हणाली. पाहुण्यांना तहानेलं ठेवायचं नाही, हे भावाबहिणीचं आधीच ठरलेलं.

पाड्यावर एक रीत आहे. परका माणूस अंगणात आला की आधी विचारतात, कोणाचे पाहुणे? पाड्यातल्या एकाचं नाव घ्यायचं. मग चटई, मग पाणी, मग बाकीचं. नाव घेतल्याशिवाय बसायचं नाही, म्हातारा असो की साहेब.

अकराच्या सुमाराला पहिल्या सायकली वर आल्या. तोंडं लालबुंद. पुढे एक पुण्याची मुलगी होती, पल्लवी नावाची. नवसाबाईने तांब्या हातात घेऊन विचारलं, "कोनाचं पाव्हनं?"

"धनराज सरांचे."

"धनराज कोन? आमच्यात नाय कोनी धनराज."

पल्लवीने पाठीवरच्या पिशवीतून पुस्तिका काढली. "हे बघा मावशी, त्यांनीच शोधलेत सगळे रस्ते. पण हे तीन तांब्यांचा चढ म्हणजे काय, आम्हाला कुणालाच कळलं नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, छपाईची चूक."

नवसाबाई इतकी हसली की तांब्यातलं पाणी सांडलं. "आगं, ही तर माझ्या गोट्याची मोजनी! आमचा बाप आसंच मोजायचा." आणि घरामागून गोटीराम पंप घेऊन आला. मुलीने एकदा त्याच्याकडे, एकदा पुस्तिकेवरच्या फोटोकडे पाहिलं. तिला दुसरं काही सांगावं लागलं नाही. "आम्ही गोटीरामकाकांचे पाहुणे," ती म्हणाली. बाकीच्यांनीही तेच म्हटलं आणि चटईवर बसले. हंडे रिकामे होऊ लागले.

धनराज तासाभराने आला. जीप वाळूत रुतली होती. राखीव सायकल हातात धरून तो चार तांब्यांचा चढ चालत चढला होता. शर्ट पाठीला चिकटलेला. गोटीराम दिसताच ओरडला, "अरे गधड्या, फरशी कुठंय?"

नवसाबाई मध्ये उभी राहिली. "कोनाचं पाव्हनं?"

"मी धनराज. टूर माझी आहे."

"नाव नाय इचारलं. कोनाचं पाव्हनं?"

बावीस माणसं भाकरी खायची थांबली. धनराजने हंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर काढली नाही.

"गोटीरामचा," तो पुटपुटला.

"म्हाताऱ्या मानसाला ऐकू नाय येत."

"गोटीरामचा पाहुणा!"

"मंग बस की. पानी घे."

तो गटागटा प्यायला. पल्लवीने शांतपणे विचारलं, "सर, रस्ते कुणाचे?"

"त्याचेच," तांब्यात तोंड असतानाच तो म्हणाला.

"आणि माझी वही?" मी विचारलं.

हरवली, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. पण सायकलच्या हँडलला त्याची पिशवी लटकत होती आणि वाटा बघायला बरोबर घेतलेल्या माझ्या वहीचा तांबडा कापडी पुठ्ठा बाहेर डोकावत होता. मी उठले, स्वतःच्या हाताने काढून घेतली. सासूबाईंचं पान शाबूत होतं. त्याच्या कोपऱ्यात धनराजने पेट्रोलचा हिशेब केला होता. ते मी विसरणार नाही.

पाहुण्यांसमोरच ठरलं. पुस्तिकेच्या चारशे प्रती शिल्लक आहेत, प्रत्येकीवर त्याच्या नावावर पट्टी चिकटवायची: 'मार्ग: गोटीराम, पंचवटी.' पट्ट्या छापून झाल्यात. काल त्याने निरोप पाठवला, दुकानातली माणसं चिकटवतील, तुम्ही त्रास घेऊ नका. गोटीराम म्हणाला, "सोडा ना वयनी. बोलला ना तो मानसांत. झालं." त्याचं झालं असेल. पाड्यावरून आल्यापासून तो दुकानात शीळ घालतोय, अकरावा रस्ता सांगायचा म्हणतोय.

माझं झालेलं नाही. देवाला मी सोमवारांचं उद्यापन अजून बोललेली नाही. चारशे पट्ट्या धनराज स्वतःच्या बोटांनी लावणार, मी समोर स्टुलावर जपमाळ घेऊन बसणार, आणि वाकडी लागली तर काढून पुन्हा लावायला सांगणार.

खळ घट्ट झाली. चमचा उभा राहतोय. डब्यात भरते, आणि कॉलेज रोडला धनराजच्या दुकानात घेऊन जाते.