माशांचा घास

सायमन सकाळी सायकलवरून आला तेव्हा मी परसात मोगऱ्याच्या कळ्या खुडत होते. "बाई, काका गेले," एवढंच तो म्हणाला. त्याचे काका, इनास सर, आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मी चित्रकला. निर्मळ गावात आमच्या वाड्या एकमेकींना लागून. सर गेल्याला आता महिना झाला...

सरांच्या पत्नी रेजिनाताई अर्धांगवायूने खाटेला खिळल्या, त्या वर्षी सरांनी खाटेसमोर काचेची टाकी आणून ठेवली. सहा एंजल मासे. "दिवसभर कौलांकडे बघून काय करेल ती," म्हणाले. माशांसाठी सुका जवळा आणायला ते अर्नाळ्याला स्वतः जायचे. मीसुद्धा दोनदा बरोबर गेले होते. मूठभर जवळा नाकाशी न्यायचे, बोटांत चुरडून बघायचे. कुरकुरीत तुटला तर घ्यायचे, वातड लागला तर पुढच्या पाटीकडे. खारवलेला तर मुळीच नाही. "मास्तर, मानसं पन एवढं बगून घेत नाय," कोळीण म्हणाली. सर म्हणाले, "माणसाला नको म्हणता येतं." घरी तो धुऊन पुन्हा खडखडीत वाळवायचे, कुटून लहान लहान बाटल्यांत भरायचे. एका बाटलीत पंधरा दिवसांपुरताच, म्हणजे उरलेल्याला दमट हवा लागायला नको. पुढे फ्रीज आला, तेव्हा ताजी कोलंबी वाटून पिशवीत पापडासारखी पातळ थापून गोठवू लागले. रोज लागेल तेवढा तुकडा मोडायचा. वीज गेली आणि कोलंबी वितळली, तर ती पुन्हा गोठली तरी टाकून द्यायची, हे त्यांनी मला अनेकदा बजावलं होतं.

एका पावसाळ्यात रेजिनाताईंना मुंबईच्या इस्पितळात हलवावं लागलं. सर तिकडेच राहिले, मासे माझ्यावर सोपवून. तिसऱ्या दिवशी वादळात तारा तुटल्या आणि दोन दिवस वीज नव्हती. परत आली तेव्हा कोलंबी पुन्हा दगडासारखी घट्ट झाली. मी हुंगली, वास फारसा नव्हता. सरांनी इतक्या निगुतीने केलेली, टाकायला जीव होईना. मी तुकडा मोडून पाण्यात टाकला... जरा जास्तच. दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं गढूळ झालं, आणि चार दिवसांत एकेक करून सहाही मासे गेले.

रेजिनाताई घरी आल्या त्या रिकाम्या टाकीसमोर. मी दारात उभी होते, बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सर त्यांना म्हणाले, "माझ्या हातून चुकलं गं. जाण्याआधी खराब खाणं घातलं मी." त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. पुढे सरांशी त्या कामापुरतंच बोलत. नवे मासे आणू दिले नाहीत. नाताळच्या आधी त्या गेल्या.

पुष्कळ दिवसांनी मी सरांना विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?" ते म्हणाले, "तिची वेणी तुम्ही घालायचात, पेज तुमच्याच हातची घ्यायची. तुमच्यावर रुसली असती तर तिला दुसरं होतं कोण?" स्वतःचं नाव त्या हिशेबात त्यांनी धरलंच नव्हतं. मी रडले. ते उठून चहा ठेवायला गेले.

परवा चर्चमध्ये सरांच्या महिन्याच्या मिसेनंतर मी सायमनबरोबर त्यांच्या घरी गेले. फळीवर पाच बाटल्या ओळीने, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात तारीख. मासे नव्हते, तरी सर दर हिवाळ्यात जवळा आणून वाळवत होते, हे मला ठाऊक नव्हतं. सायमन म्हणाला, "काकांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं होतं, बाई. मासे माझ्यामुळे मेले म्हणायचे. दर वर्षी सांगायचे."

मी रेजिनाताईंच्या रिकाम्या खाटेवर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. मग त्याने एक बाटली उतरवून माझ्या हातात दिली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. बाटलीचं झाकण इतकं घट्ट होतं की मला ते उघडेना.