मेंढरं बसतात तेवढी कथा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतकी मेहनत करून इतकं कमी लिहिलेला माणूस सबंध मराठवाड्यात दुसरा सापडणार नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. एकच कथा वीस वर्षं लिहीत होते. लोकांची पानं वाढतात, यांची दरवर्षी आटायची. सत्तर पानांची कथा मी चाळिसावर आलेली पाहिली, मग पंचविसावर, आणि एका उन्हाळ्यात हा भला माणूस चौदा पानं घेऊन जिना उतरला तो दहावी पास झाल्यासारखा.

नोकरीनं ते आरेखक. शहर चारी बाजूंनी पसरत होतं आणि त्याच्या नव्या वसाहतींचे नकाशे आखण्यात यांचा दिवस जाई. त्यामुळं कथानकही नकाशावरच. गुलमंडीच्या बाजारातून मोठे कागद आणायचे, त्यावर प्रसंगांचे चौकोन काढायचे आणि मधून पात्रांच्या येण्याजाण्याचे रस्ते. कथा लांबली की एखादा चौकोन खोडायचा. चौकोन जाई, पण त्यातली माणसं मागं राहत. एक पाटील तिसऱ्या पानावर साप चावून मेला आणि पाचव्या पानावर चहा पीत बसला. मी चूक दाखवली, तर गंभीरपणे विचारतात, "साप काढू का चहा काढू? जास्त ओळी कशानं जातील?" पुढं नायिकेच्या नणंदेचं लग्न खोडलं, वऱ्हाड मात्र पंगतीत तसंच. माझी बायको कळवळून म्हणाली, "भाऊजी, लग्न नाही तर नाही, पण त्या लोकांना जेवून तरी उठू द्या हो!"

मासिकं, संपादक, स्पर्धा यांच्याशी या माणसाचं काही देणंघेणं नव्हतं. कथेची लांबी ठरवली होती त्यांच्या थोरल्या भावानं, आणि त्याला अक्षरओळख नव्हती. घर कन्नड तालुक्यातलं, मेंढपाळाचं. धाकटा शिकून शहरात आला, थोरला कळपामागं राहिला. सुगी सरली की तो मेंढरं घेऊन शहराबाहेरच्या मोकळ्या रानात यायचा. त्या दिवशी हे रजा टाकून, कागद काखेत मारून तिकडं जात. एकदोनदा मीही गेलो होतो. दुपारी मेंढरं लिंबाखाली बसून रवंथ करत, तेवढाच वेळ भाऊ ऐकायला मोकळा. कळप उठला की तोही काठी घेऊन उठायचा. "ऱ्हायलेलं पुढल्या साली, बापू."

कथा त्यांच्या आईची होती. एका दुष्काळात ती कळप घेऊन कन्नडचा घाट उतरली आणि वर्षानं परतली. तेव्हा भाऊ तिच्यासोबत चालत होता आणि हे तिच्या पाठीवरच्या झोळीत होते. आपण आईचं नीट लिहिलंय की नाही, हे सांगू शकेल असा जगात तो एकच माणूस. पण शेवटापर्यंत तो कधी पोचलाच नाही. त्यात दुष्काळाची वर्षं लागली. मला वाटायचं, दुष्काळात कामं कमी, ऐकायला वेळ जास्त. मी तसं म्हटलं, तर भाऊ हसला. "पोट भरल्याबिगर मेंढरू बसत नाय, साहेब. उपाशी जनावर हिंडतच ऱ्हातं." म्हणजे दुष्काळ वाढला की कथेचा वेळ घटणार! म्हणून शेजारी घड्याळ लावून आमच्या स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचत आणि पानं छाटत. रानही दरवर्षी लांब सरकत होतं. ज्या लिंबाखाली मी गेलो होतो, तिथले प्लॉट पुढं यांनीच आखले. ते काम हातावेगळं करून आले त्या दिवशी जेवले नाहीत.

शेवटी कथा आठ पानांची झाली, आणि त्याच साली चाऱ्यापाण्यावाचून भावानं कळप विकला. तो वरच्या मजल्यावर राहायला आला. आता वेळच वेळ! दुसऱ्याच दिवशी यांनी आम्हा दोघा नवराबायकोला वर बोलावलं आणि कथा वाचली. घाट झाला, परतीची वाट झाली, आई शिवेवर पोचली. वीस वर्षांत पहिल्यांदा शेवट वाचून झाला.

भाऊ म्हणाला, "आई बराब्बर हाय. पण आपली मेंढरं कुठं हायेत रं यात?"

मेंढरं छाटली होती. भावाला मेंढरांचं काय सांगायचं, त्याला तर सगळं ठाऊकच आहे, या हिशोबानं सगळ्यात आधी तेच चौकोन खोडले गेले होते. ते कागद कधीच रद्दीत गेले होते. यांनी मान खाली घातली. वीस वर्षांत कथेच्या लांबीवरून मी केलेल्या सगळ्या थट्टांची मला लाज वाटली.

आता कथा पुन्हा वाढते आहे. भाऊ सांगतो, हे लिहितात. शिंगमोडका एडका, काळ्या कानाची मेंढी, पाण्याला भिणारं कोकरू, सगळी एकेक करून कथेत येताहेत. परवा गेलो तेव्हा एकशेदहावं पान चाललं होतं आणि कळप अजून घाटाखाली एका ओढ्याकाठी होता. सवयीनं मी म्हणून गेलो, "अहो, पुढं न्या की आता."

भावानं माझ्याकडं पाहिलं नाही. धाकट्याच्या कागदावर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ दे बापू, हितंच बसू दे त्येंला. हितं चारा लई हाय."